न्यू जेरुसलेम चर्च आणि तंजावरच्या फौजेतला एक शिपाई

मी नगरची, मिशन कंपाउंडात वाढलेली. बँकेने कारैकलला बदली केली तेव्हा आईने सगळ्यात आधी विचारलं, "तिथं उपासनेला जागा आहे का गं?" कारैकलहून बसने तरंगंबाडी, तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचं जुनं बंदर, अगदी जवळ, आणि भारतीय माणसांची पहिली प्रॉटेस्टंट मंडळी उभी राहिली ती तिथेच. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग दर रविवारी जात जा." दर रविवारी काही जमत नाही, पण तिथल्या न्यू जेरुसलेम चर्चला जाते.

डेन्मार्कच्या लोकांनी १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून हे बंदर घेतलं आणि डान्सबोर्ग किल्ला बांधला. पुढे तंजावर भोसल्यांकडे आलं, तेव्हा डॅनिश लोक दरसाल पैसे भरत ते मराठ्यांच्या दरबारी. मंडळीतल्या एका निवृत्त मास्तरांना मी मराठी असल्याचं कळलं तेव्हा ते हसून म्हणाले, "अम्मा, म्हणजे तुमचे राजे आमच्या गावाचे घरमालक!" भाडं मात्र सुरळीत जात नसावं, कारण १६९९ साली तंजावरच्या शाहजी राजांच्या फौजेचा वेढा तरंगंबाडीला पडला होता.

९ जुलै १७०६ ला बार्थोलोमेउस त्सिगेनबाल्ग आणि हाइन्रिख प्ल्यूटशाउ हे मिशनरी इथे उतरले. दोघेही जर्मन, पण त्यांना पाठवलं डेन्मार्कच्या चौथ्या फ्रेडरिक राजाने. डॅनिश वसाहतीचं स्वतःचं झायन चर्च १७०१ पासून होतंच. मे १७०७ मध्ये तिथे पहिला बाप्तिस्मा झाला तो पाच जणांचा, आणि ते पाचही डॅनिश घरांतले गुलाम होते. मंडळीची सुरुवात ही अशी. सण-समारंभाच्या भाषणांत राजाचं नाव येतं, हे मिशनरी जिथे शिकले त्या जर्मनीतल्या हाले शहराचं येतं, पण मला ते पाच जण जास्त महत्त्वाचे वाटतात.

तमिळ मंडळीसाठी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिलं जेरुसलेम चर्च बांधलं. ते समुद्राच्या फार जवळ होतं आणि काही वर्षांत समुद्रानेच ते नेलं. म्हणून मग किंग स्ट्रीटवर, लाटांपासून जरा आत, दुसरं बांधायला घेतलं. ९ फेब्रुवारी १७१७ ला पाया घातला आणि ११ ऑक्टोबर १७१८ ला अर्पण विधी झाला. तेच हे न्यू जेरुसलेम. क्रुसाच्या आकाराची बांधणी, जाड भिंती आणि दर्शनी भागावर फ्रेडरिक राजाची मुकुटाखालची आद्याक्षरं. वेदीजवळ त्सिगेनबाल्गची कबर आहे. चर्च उघडून पुरते पाच महिनेही झाले नव्हते तेव्हा, २३ फेब्रुवारी १७१९ ला, तो गेला. वय अवघं ३६. तेवढ्या आयुष्यात तो तमिळ शिकला, डॅनिश गव्हर्नराशी भांडून चार महिने कैदेत राहिला आणि तमिळ नवा करार छापून मोकळा झाला. त्याचा सोबती ग्रुंडलर पुढच्याच वर्षी वारला, तोही तिथेच पुरलेला आहे. पर्यटक या कबरींचे फोटो काढतात आणि किल्ल्याकडे वळतात.

माझं मन मात्र दुसऱ्याच माणसात अडकलं आहे. त्याचं नाव राजनायकन. तो तंजावरच्या मराठा राजाच्या फौजेत होता. अस्पृश्य मानलेल्या परैयर जातीचा, घराणं आधीपासून कॅथलिक. तरंगंबाडीला छापलेली तमिळ शुभवर्तमानं फिरत फिरत त्याच्या हाती पडली. शिपाईगिरी करता करता त्याने ती वाचून काढली आणि १७२७ च्या सुमाराला तो लुथरन, म्हणजे त्सिगेनबाल्गच्या पंथाच्या, मंडळीत आला. हे किती मोठं होतं ते कळायला एक गोष्ट सांगायला हवी. गोऱ्या मिशनऱ्यांना तंजावरच्या मुलखात मज्जाव होता. १७०९ मध्ये त्सिगेनबाल्ग तमिळ पोशाख करून निघाला होता, त्यालाही अर्ध्या वाटेवरून परतावं लागलं. जिथे तो पोहोचू शकला नाही तिथे हा शिपाई आपल्या नात्यागोत्यात, छावणीत, गावागावांत प्रार्थना सभा भरवू लागला. तंजावरकडची लुथरन मंडळी राजनायकनने उभी केली असं म्हणायला मला काही संकोच वाटत नाही.

मग १७३३ साल उजाडलं. पहिला भारतीय पाळक निवडायचा होता. राजनायकनचं नाव समोर होतंच. पण मिशनऱ्यांनी विचार केला की वेल्लाळर या शेतकरी जातीचे आणि इतर शूद्र जातींचे ख्रिस्ती परैयराच्या हातून प्रभुभोजन घेणार नाहीत. २८ डिसेंबर १७३३ ला दीक्षा मिळाली ती आरोनला, तो वेल्लाळर होता. आरोन गुणी आणि कष्टाळू माणूस होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण राजनायकन चाळीसहून अधिक वर्षं सेवा करूनही उपदेशकच राहिला. लग्न, बाप्तिस्मा, प्रभुभोजन यांतलं काही त्याला चालवता आलं नाही.

आमच्या नगरच्या मंडळीत बहुतेक घरं कुठल्या वाड्यांतून आली हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे, त्यामुळे हे वाचताना मला नवल वाटलं नाही, चीड आली. या चर्चमध्येही जातीप्रमाणे वेगवेगळं बसण्याची पद्धत होती. मास्तर ते लपवत नाहीत. "आमच्या आजोबांपर्यंत चालू होतं," म्हणाले.

पुढे एकोणिसाव्या शतकात हाच वाद लुथरन मंडळीच्या पथ्यावर पडला, हे ऐकायला विचित्र वाटेल. १८३३ मध्ये अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे, बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चमध्ये जातिभेद मुळीच चालणार नाही असा हुकूम काढला. तोवर अँग्लिकनांकडे गेलेले तंजावरचे कितीतरी वेल्लाळर ख्रिस्ती रुसले. नंतर जर्मनीचं लाइपझिग मिशन तरंगंबाडीत आलं. त्यांचं जातीबाबतचं धोरण मवाळ होतं, म्हणून नाराज मंडळी त्यांच्याकडे वळली. लुथरन मंडळींची वाढ थोडीफार अशीही झालेली आहे. स्मरणिकेत हे छापत नाहीत, एवढंच.

बाकीचं थोडक्यात. १८४५ मध्ये डॅनिश लोकांनी गाव इंग्रजांना विकलं. पहिल्या महायुद्धात जर्मन मिशनऱ्यांना जावं लागलं, स्वीडिश लोकांनी काम सांभाळलं, आणि १४ जानेवारी १९१९ ला तमिळ इव्हँजेलिकल लुथरन चर्च स्थापन झालं. त्याच्या बिशपला आजही 'तरंगंबाडीचे बिशप' म्हणतात, मुख्य कार्यालय मात्र तिरुचिरापल्लीला. २००४ च्या त्सुनामीने गावाची दैना केली, चर्च मात्र टिकलं, आणि २००६ च्या तीनशेव्या वर्षासाठी त्याची नीट डागडुजी झाली.

तंजावरला जाणारे मराठी लोक सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वरावरचा मराठी शिलालेख बघून परततात. जवळच्या शिवगंगा बागेत एक चर्च आहे, तिकडे सहसा कोणी फिरकत नाही. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हा लुथरन पाळक १७५० मध्ये तरंगंबाडीला आला आणि पुढे तंजावरचाच झाला. तुळजाजी राजांनी दत्तक मुलगा सरफोजी त्याच्या हवाली केला होता. १७९८ मध्ये श्वार्ट्झ वारल्यावर सरफोजी राजांनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून संगमरवरी स्मारक करवून घेतलं. त्यात मरणशय्येवरचा श्वार्ट्झ आहे आणि शेजारी पगडी घातलेले सरफोजी. इंग्लंडमध्ये संगमरवरात घडवलेला भोसले राजा तमिळ देशातल्या चर्चच्या भिंतीवर! जरूर बघा.

ते चर्च १७७९ चं. राजनायकन १७७१ मध्येच गेला होता. त्याने गोळा केलेल्या माणसांची मुलं-नातवंडं त्या चर्चमध्ये खाली चटईवर बसली की उघड्या जमिनीवर, हे मी मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "अम्मा, चटया वेल्लाळरांच्या."