चेपणीचे तोर आणि आमच्या बाई

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे, असे समितीचे पत्र आले आणि लिहायला बसल्यावर मला विज्ञानाच्या बाईंखेरीज दुसरे कोणी आठवेना. इतर गुरुजनांविषयीचा आदर तसूभरही कमी नाही. परंतु ज्या विद्येवर आज माझे घर चालते, तिचा पहिला पाठ बाईंनी नववीच्या वर्गात दिला आणि तो चेपणीच्या तोरांवरून, म्हणजे मिठात मुरवलेल्या कोवळ्या कैऱ्यांवरून दिला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली की पुस्तक उघडण्याआधी बाईंनी घरची चिनीमातीची बरणी टेबलावर ठेवली. मे महिन्यात कच्चे तोर आणि आगरवाड्याचे जाडे मीठ थरावर थर रचून, वर दगडाचा भार ठेवून ती भरलेली होती. आता तोर सुरकुतले होते आणि त्यांच्यावर बोटभर खारे पाणी चढले होते. ‘‘हे पाणी कोणी ओतले?’’ या प्रश्नावर सगळा वर्ग ‘‘आईने’’ असे म्हणाला, तेव्हा बाईंनी आम्हांला घरी विचारून यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी एका मैत्रिणीने आजीचे उत्तर आणले : ‘‘उदक कोण घालता? मीठूच आंब्याचें उदक ओडून काडटा.’’ बाईंनी ते वाक्य जसेच्या तसे फळ्यावर लिहिले. आजीचे निरीक्षण अचूक आहे, असे त्यांनी सर्वांसमोर सांगितले आणि मग मीठ हे काम कसे करते, ते उलगडले. पेशीच्या अर्धपार्य पटलातून पाणी सहज जाते, मीठ सहज जात नाही. त्यामुळे विरळ द्रावणाकडून संहत द्रावणाकडे पाण्याचा ओघ सुरू होतो. हेच परासरण.

त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. तवशाच्या, म्हणजे काकडीच्या, पातळ चकत्या त्यांनी मिठाच्या पाण्यात लुळ्या पडू दिल्या आणि लगेच साध्या पाण्यात टाकल्या. काही वेळाने त्या पुन्हा ताठ झाल्या. चेपणीचा तोर मात्र साध्या पाण्यात ठेवूनही पहिल्यासारखा टणक झाला नाही, कारण इतके दिवस मिठात राहून त्याच्या पेशी मेल्या होत्या आणि मेलेल्या पेशीचे पटल कशाचीच निवड करू शकत नाही. हा फरक इतक्या स्वच्छपणे समजावणारा शिक्षक मला पुढे महाविद्यालयातही भेटला नाही.

बांध फुटून खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, खारे पाणी शिरले की पाण्यात उभे असलेले भातसुद्धा तहानेने का करपते आणि कोरगूट हे खारे पाणी सोसणारे भात तिथे तग का धरते, हे बाईंमुळे आम्हां शेतकऱ्यांच्या मुलांना प्रथम कळले. परासरणी दाबाचे नियम मांडणाऱ्या व्हांट हॉफ यांना १९०१ साली रसायनशास्त्राचे पहिलेच नोबेल मिळाले, ही माहिती बाईंनी दिली ती खाजनाच्या बांधावर उभ्या राहून.

आज मी एका डायलिसिस विभागाची जलशुद्धीकरण यंत्रणा सांभाळतो. चार तासांच्या एका उपचारात सुमारे १२० लिटर पाणी रुग्णाच्या रक्तापासून केवळ एका पातळ पडद्याच्या अंतरावरून वाहते, म्हणून ते अत्यंत शुद्ध असावे लागते. त्यासाठी दाब देऊन पाण्याला परासरणाच्या उलट दिशेने पटलातून जायला भाग पाडतात. समुद्राचे पाणी असे गोडे करायचे तर सुमारे २७ वातावरणांच्या दाबावर मात करावी लागते. नव्या तंत्रज्ञांना हे शिकवताना मी बाईंच्याच क्रमाने जातो. आधी तवशे, मग सूत्र.

आता घरोघरी आरओचे यंत्र आहे, पण चेपणी विकत आणली जाते आणि आपल्या परिसरातली मिठागरे एकेक करून ओस पडत आहेत, याचे मला फार वाईट वाटते. शाळेने नववीच्या मुलांना दर उन्हाळ्यात, परीक्षा संपताच, चालू असलेल्या एखाद्या मिठागरावर न्यावे. त्या सहलीचा खर्च बाईंच्या नावाने मी आनंदाने उचलीन. तसे पत्र मुख्याध्यापकांना वेगळे पाठवले आहे.