बकुळीखाली लावलेली गाडी

आईला दमा आहे. दर दोन महिन्यांनी तिला रत्नागिरीहून कोल्हापूरला डॉक्टरांकडे नेते. जुलैच्या फेरीत साखरपा सोडून घाटाला लागलो, काचांवर वाफ धरली म्हणून ए.सी. लावला आणि ओल्या गोणपाटासारखा आंबूस वास गाडीभर पसरला. आईला खोकल्याची उबळ आली. "काच खाली कर गो, कोंडल्यासारखं होतंय." भर पावसात काच उघडी ठेवून आंबा घाट चढलो. वर पोचेपर्यंत तिचा डावा खांदा आणि पदर चिंब झाला होता.

त्याआधी महिनाभर मी हा वास झाकत होते. डॅशबोर्डवर मोगऱ्याच्या वासाची डबी ठेवली होती. कुबटपणा तसाच, वर मोगरा. असल्या उग्र सुगंधांनी दमेकऱ्याचा त्रास उलट वाढतो, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. एका गॅरेजवाल्याने ‘ए.सी. सर्व्हिस’ म्हणून जाळ्यांतून सुगंधी फवारा मारला आणि बाराशे रुपये घेतले. आठ दिवसांत वास परत. त्याचा मला अजून राग आहे, कारण त्याने गाडीत येणारी हवा गाळणारा फिल्टर उघडूनसुद्धा बघितला नव्हता.

कोल्हापूरहून आल्यावर पहिल्या रविवारी मीच तो उघडला. माझ्या गाडीत तो डाव्या बाजूच्या खणामागे आहे. खण रिकामा केला, दोन्ही बाजू आत दाबून तो खाली पाडला, झाकण काढलं आणि फिल्टर ओढला. मूळचा पांढरा कागद शेणासारख्या रंगाचा झालेला. घड्या बोटांनी फाकवल्या तर आत बकुळीची फुलं! गाडी वर्षभर बकुळीखाली उभी असते. काचेखालच्या जाळीतून फुलं आत पडत होती. घरात सुकलेली बकूळ वर्षानुवर्षं वास देते, इथे ती ओलीत कुजून काळी पडली होती. आमच्या आईच्या नाकात जाणारी सगळी हवा यातून गाळून येत होती. मी तिथेच पायरीवर बसले.

फिल्टर नवा घातला, कोळशाचा थर असलेला. तो थोडा महाग पडतो, पण धुळीबरोबर वासही धरतो. तरी ओल कुठली, ते कळेना. आईच्या पायाखालचं मॅट उचललं, गालिचा दाबला तर बोटांना पाणी लागलं. ए.सी.ची कॉइल गार असते, हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन जमते आणि नळीवाटे गाडीखाली ठिबकते. आमच्या गाडीखाली किती दिवसांत ठिबकलंच नव्हतं! नळी तुंबून पाणी आतच उतरत होतं. ओळखीच्या मेकॅनिकने नळी मोकळी केली, कॉइलही साफ केली. मग सीट काढून गालिचा दोन दिवस टेबलफॅनखाली वाळवला, रात्रभर खायचा सोडा भुरभुरून ठेवला आणि सकाळी व्हॅक्यूमने ओढून घेतला.

आता घर पाच मिनिटांवर आलं की ए.सी. बंद करते, पंखा चालू ठेवते. कॉइल कोरडी होते, बुरशीला ओल मिळत नाही. आतलीच हवा फिरवायचं बटण मी पूर्वी कायम दाबून ठेवायचे. बंद गाडीत चार माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, डोकं जड होतं, झोप येते. घाटात ट्रकचा धूर पुढ्यात असला तर तेवढ्यापुरतं ते लावते, ट्रक मागे टाकला की लगेच बाहेरची हवा घेते. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा: गाडीत धुराचा वास यायला लागला तर काचा उघडा आणि गाडी दाखवून घ्या. त्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो.

सप्टेंबरच्या फेरीत काचा बंद होत्या. आईने मलकापूरपर्यंत दम्याच्या पंपाला हात लावला नाही. गाडी अजून बकुळीखालीच असते, दुसरी जागा नाही. रोज सकाळी निघण्याआधी काचेखालच्या जाळीवरची फुलं मी वेचते आणि ओंजळभर आईच्या उशाशी नेऊन ठेवते.