बक बेट आणि आमचे कुरटे

माझा मावसभाऊ प्रवासी जहाजावर नोकरीला आहे. या वर्षी फेब्रुवारीत त्याने कॅरिबियन समुद्रातून एक छायाचित्र पाठवले, आणि गेले कित्येक दिवस ते माझ्या मनातून जात नाही. पाण्याखाली, स्वच्छ वाळूच्या तळावर, एक पाटी बसवलेली आहे आणि तिच्यावर शेजारच्या प्रवाळाची माहिती लिहिलेली आहे. पोहणाऱ्याने पाण्याच्या पृष्ठभागावर उताणे न होता पालथे तरंगत राहावे, एकेक पाटी वाचावी आणि कशालाही हात न लावता पुढे सरकावे, अशी ती पाण्याखालची पायवाट आहे.

ही जागा म्हणजे अमेरिकेच्या व्हर्जिन बेटांपैकी सेंट क्रॉयच्या ईशान्येला, किनाऱ्यापासून जेमतेम अडीच किलोमीटरवर असलेले बक बेट. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 176 एकर, म्हणजे आमचा सिंधुदुर्ग किल्ला ज्यावर उभा आहे त्या कुरटे बेटाच्या साडेतीनपटीहून थोडे अधिक. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी 28 डिसेंबर 1961 रोजी या बेटाला आणि त्याच्या भोवतीच्या प्रवाळाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला. जानेवारी 2001 मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्याची हद्द वाढवून 19,015 एकरांपर्यंत नेली. एवढ्याशा बेटाभोवती जवळजवळ 77 चौरस किलोमीटर संरक्षित क्षेत्र, आणि त्यातला बहुतेक भाग पाणीच. बेट राखायचे तर त्याच्या भोवतीचा समुद्र राखावा लागतो, हे त्या नकाशाकडे पाहताच कळते.

तिथले वैभव म्हणजे एल्कहॉर्न प्रवाळ. त्याच्या फांद्या शिंगांसारख्या फुटलेल्या, पण रुंद आणि पसरट असतात, रंग मधासारखा पिवळसर तपकिरी असतो, आणि भरतीच्या लाटांचा जोर झेलत त्याने किनाऱ्याला आडवी भिंत उभारलेली असते. ही जात प्रवाळांच्या मानाने भराभर, वर्षाला पाच ते दहा सेंटिमीटर वाढते. तरीही 1970 च्या दशकात तिला पांढऱ्या पट्ट्याचा रोग लागला. फांदीच्या बुडापासून जिवंत पेशी सोलल्यासारख्या निघत जातात आणि मागे उघडा पांढरा सांगाडा उरतो, असा हा रोग. त्याचा सुरुवातीचा अभ्यास याच सेंट क्रॉयच्या पाण्यात झाला. त्यानंतर सप्टेंबर 1989 मध्ये ह्यूगो नावाचे चक्रीवादळ आले आणि रोगाने पोखरलेल्या भिंतीचा बराच भाग मोडून पडला. 2005 मध्ये पाणी तापल्याने प्रवाळ पांढरे पडले, ते संकट वेगळेच. संरक्षणाची हद्द आखल्याने रोग, वादळ किंवा उष्णता थांबत नाही; मात्र निदान नांगराचा आणि पायाचा घाव तरी तिथल्या प्रवाळाला वरून सोसावा लागत नाही.

बेटाच्या जमिनीची कथा मला अधिकच जवळची वाटली, कारण तिच्यात आपले मुंगूस आहे. इंग्रजीतला त्या प्राण्याचा शब्दही मराठीतूनच गेलेला आहे. 1872 मध्ये कलकत्त्याहून नऊ मुंगसे जमैकात नेण्यात आली, उसाच्या मळ्यांतले उंदीर मारावेत म्हणून, आणि पुढे ती बेटाबेटांवर पसरली. मुंगूस दिवसा हिंडते आणि उंदीर रात्री, त्यामुळे उंदीर राहिले आणि जमिनीवरचे सरडे व कासवांची अंडी मात्र मुंगसांच्या तोंडी पडली. सेंट क्रॉयवरून तर तिथला खास सरडा पार नाहीसा झाला, आणि तो केवळ शेजारच्या चिमुकल्या बेटांवर तगून राहिला. बक बेटावरून आधी मुंगसे आणि नंतर उंदीर हटवल्यावर, 2008 मध्ये त्या सरड्याचे 57 जीव तिथे आणून सोडण्यात आले. बेटाच्या किनाऱ्यावर चार जातींची सागरी कासवे अंडी घालतात आणि त्यांच्यावर रात्रपाळीने नजर ठेवली जाते. आमच्या वेळासच्या किनाऱ्यावर घरट्यांना जाळी घालून पहाटे पिल्ले समुद्रात सोडणाऱ्यांना हे सारे ओळखीचे वाटेल.

मालवणचे सागरी अभयारण्य 1987 सालचे. त्याचे क्षेत्र 29 चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक, आणि त्यात गाभ्याचा भाग केवळ तीन चौरस किलोमीटरांच्या आसपास. आमच्याकडचे प्रवाळ शिंगांसारखे फुटलेले नसून बहुतेक दगडाला चिकटलेले, गोलसर असतात. त्यांच्यातले काही वर्षाला एखादा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे तळहाताएवढा तुकडा मोडला तर तो भरून यायला एक मूल शाळेत जाऊन दहावी होण्याइतका काळ लागतो. गेल्या मे महिन्यात मी पाहुण्यांना घेऊन स्नॉर्कलिंगच्या होडीतून गेले होते. होडीवाल्याने खडपावरच नांगर टाकला, आणि पाण्यात उतरलेल्या एका पाहुण्याने आधारासाठी पाय ठेवला तो नेमका प्रवाळावर. त्याला कोणी काही सांगितले नव्हते, आणि वाचायला पाटीही नव्हती. मी तेव्हा गप्प राहिले, याचे मला अजून वाईट वाटते.

हे छायाचित्र मी आमच्या शेजारच्या आबांना दाखवले. त्यांचे आयुष्य रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर गेले. ते बराच वेळ पाटीकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "थयल्या मासेमारांचा काय झाला मगे?"

प्रश्न खरा आहे. 2001 च्या हद्दवाढीनंतर बक बेटाच्या हद्दीत मासेमारी पूर्ण बंद झाली, आणि ज्यांची जाळी त्या पाण्यात पडत होती त्यांना ते पाणी सोडावे लागले. मालवणात अभयारण्य जाहीर झाल्यापासून हीच भीती घराघरांत आहे, आणि ती खोटी म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण होडी बांधायला तळाशी पक्के केलेले बोये आणि पाण्याखालच्या पाट्या, एवढे आणायला कोणाचे जाळे हिसकावून घ्यावे लागत नाही. मी तसे म्हटल्यावर आबा म्हणाले, "नांगर वाळूत टाकूचो, खडपार नाय. ह्या आमका आमच्या बापाशीन शिकवल्यान."

मग त्यांनी माझ्याकडून कागद मागून घेतला. खडपांच्या मधोमध वाळूचे पट्टे कुठे कुठे आहेत, ओहोटीला तिथे पाणी किती वाव (पसरलेल्या दोन हातांएवढे माप) राहते आणि किनाऱ्यावरचे कोणते माड एका रेषेत आले की आपण नेमके त्या पट्ट्यावर असतो, हे ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. सात पट्टे झाले. आठव्याच्या खुणेचा माड गेल्या पावसात पडला, तेव्हा ती खूण नव्याने बघायला आम्ही रविवारी पहाटेच्या ओहोटीला होडीने जाणार आहोत.