पिएत्रो आणि माझे धोंडिबा आजोबा

29 जूनला रोममध्ये सुट्टी असते. संत पीटर आणि संत पॉल हे या शहराचे पाठीराखे संत, त्यांचा हा सण. इटलीत वाढदिवसासारखाच नावाचा दिवसही मानतात. आमच्या खालच्या मजल्यावर पिएत्रो नावाचे आजोबा राहतात, म्हणून त्या सकाळी शंकरपाळ्यांचा डबा घेऊन मी त्यांच्याकडे गेले. बोलता बोलता नावाचा अर्थ विचारला. त्यांनी दारातल्या दगडी पायरीवर काठी दोनदा आपटली आणि म्हणाले, "पिएत्रा!" पिएत्रा म्हणजे दगड.

मी तिथेच थबकले. माझ्या आजोबांचं नाव धोंडिबा.

पीटरचं मूळ नाव शिमोन. येशूने त्याला दिलेलं नवं नाव अरामी भाषेतलं, केफा, म्हणजे खडक. माणसाचं नाव परक्या भाषेत जातं तेव्हा सहसा उच्चार तेवढा जातो, अर्थ मागे राहतो. बायबलमधल्या पॉलच्या पत्रांत 'केफास' असा उच्चारही आला आहे. पण ग्रीकमधून जगभर गेलं ते नाव अर्थ घेऊन गेलं. ग्रीकमध्ये खडकाला पेत्रा म्हणतात, पण तो शब्द स्त्रीलिंगी. पुरुषाला तो कसा शोभणार? म्हणून पेत्रोस.

पेत्रोस हा शब्द त्याआधीही होता. होमरच्या इलियड या ग्रीक महाकाव्यात पात्रोक्लस हा योद्धा मुठीत मावणारा एक खडबडीत दगड उचलून फेकतो, तो पेत्रोस. पेत्रा म्हणजे जागचा न हलणारा कातळ. येशूचं चरित्र सांगणारी शुभवर्तमानं लिहिली गेली तोवर हा फरक पुसट झाला होता. तरी मला त्यात आपली मराठी दिसली. आपल्याकडेही मोठी ती धोंड आणि हातात येतो तो धोंडा. एरवी मराठीत स्त्रीलिंगी रूप लहान वस्तूचं असतं, डबा-डबी, लोटा-लोटी. इथे मात्र उलट, अगदी ग्रीकसारखं!

लॅटिनकडे दगडासाठी स्वतःचे साक्सुम, लापिस असे शब्द होते, पण पेत्रा हा शब्दही तिने ग्रीककडून घेतला होता. म्हणूनच सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या घुमटाखाली सोनेरी पट्ट्यावर गडद अक्षरांत 'तू एस पेत्रूस' आणि पुढे 'सुपर हांक पेत्राम' हे येशूचे पीटरला उद्देशून शब्द वाचताना जोड कानाला लागते : तू पेत्र आहेस, आणि या खडकावर मी माझी मंडळी, म्हणजे चर्च, उभारीन. फ्रेंचमध्ये नाव आणि दगड दोन्ही पिएर. पोर्तुगीजमध्ये पेद्रो आणि पेद्रा. तोच पेद्रो गोव्यात पेद्रू झाला. इंग्रजीत आणि मराठी बायबलमध्ये ही जोड तुटते, कारण पीटर किंवा पेत्र म्हटल्यावर खडक आठवत नाही. पेट्रोल मात्र याच घरातलं : पेत्रा आणि ओलेउम, खडकातलं तेल.

पिएत्रो आजोबांना मी आमच्या धोंडिबांची गोष्ट सांगितली. त्यांच्याआधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. तिसरा मुलगा झाला तेव्हा पणजीने त्याचं नाव धोंडू ठेवलं. दगडच तो, त्याला कोण नेणार? काळाची नजर त्याच्यावर पडू नये एवढंच तिला हवं होतं. इकडे दगडावर मंडळी उभारायची होती, तिकडे एक लेकरू जगवायचं होतं. आजोबा ब्याऐंशी वर्षं जगले.

पिएत्रो आजोबा बराच वेळ डबा मांडीवर धरून बसले होते. मग त्यांनी विचारलं, "त्यांच्या नावाचा दिवस कधी असतो?" आमच्यात तसा दिवस नसतो, मी म्हटलं.

"मग आजच," ते म्हणाले, आणि आत जाऊन दोन छोटे पेले घेऊन आले.