चिंचोके, चिप्स आणि आमची शेड

नाशिकमधल्या सातपूरच्या आमच्या शेडवरची पाटी अजून ‘कॅरम बोर्ड व क्रीडासाहित्य’ अशीच आहे. पोकर, म्हणजे बोली लावून खेळायचा पत्त्यांचा खेळ, हा शब्द पाटीवर घालायला दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शेवटपर्यंत होकार दिला नाही. ते गेल्यावर मलाही पाटी बदलावीशी वाटली नाही. पण गेल्या दहा वर्षांत या शेडमधून १४० च्या आसपास पोकर टेबलं बाहेर पडली. त्यांना वगळून वाटचाल लिहिली तर ती अर्धीच राहील.

दादांनी १९८६ मध्ये पंचवटीत एका वाड्याच्या मागच्या पडवीत काम सुरू केलं. बाभळीची चौकट, आत २९ इंचांचा चौरस, गुळगुळीत प्लाय. मार्च ते मे हात फुरसतीत नसायचे, बाकी वर्षभर दुरुस्त्या. घरात मात्र पत्त्यांचं राज्य. झब्बू, बदाम सात, पाच-तीन-दोन, आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री तीन पत्ती. पैशांना हात लावायचा नाही, चिंचोके लावायचे. आजी पितळी डब्यातून प्रत्येकाला ५० चिंचोके मोजून द्यायची आणि खेळ उठला की मोजून परत घ्यायची. एखादा कमी भरला तर सतरंजी झटकल्याशिवाय कुणाला झोपायला मिळत नसे.

मी बी. कॉम. करून २०११ मध्ये धंद्यात आले तेव्हा कॅरमला उतरती कळा लागली होती. त्याचं रडगाणं इथं गात नाही. मोबाईल आला, सगळ्यांनाच माहीत आहे.

२०१५ च्या पावसाळ्यात इंजिनिअरिंगची तीन मुलं मोबाईलवर एक फोटो घेऊन आली. लंबगोल टेबल, कडेनं गादीसारखी किनार, वर हिरवं कापड. “ताई, असं करून मिळेल का? बाहेरून मागवलं तर परवडत नाही.” कॉलेज रोडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये ती खाली चादर टाकून खेळायची आणि पाठ धरायची. मी हो म्हटलं. आमचे मिस्त्री, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी फोटो पाहून विचारलं, “जेवणाचं आहे का?”

पहिलं टेबल आम्ही बिघडवलं. आठ फुटांचा प्लाय खाली आडवे पाय न देता ठेवला, तो श्रावणाच्या ओलीनं मधोमध बसला. त्याहून मोठी चूक कापडाची झाली. आम्ही गालिच्यासारखं जाड कापड लावलं होतं. त्यावर पत्ता सरकेना, आणि उचलायला गेलं की नख अडकायचं. पोकरमध्ये हातातले दोन पत्ते पूर्ण उचलत नाहीत, तळहाताच्या आडोशानं फक्त कोपरा वर करून बघतात. त्यासाठी खाली जरा दबणारा फोम हवा आणि वर घट्ट ताणलेलं, सरसरीत कापड. मुंबईहून चार-पाच नमुने आणले, फळीवर ताणले आणि मामांना परीक्षक नेमलं. रंध्याच्या कामानं त्यांच्या बोटांना घट्टे पडलेत. ज्या कापडावरून मामांच्या बोटांनी पत्त्याचा कोपरा पहिल्या झटक्यात उचलला, तेच कापड आम्ही आजपर्यंत वापरतो. मुलांना दुसरं टेबल त्याच पैशात करून दिलं.

त्या वर्षी खंडेनवमीला सगळ्या हत्यारांना हळदकुंकू लागलं. आई पोकरच्या टेबलापाशी आली आणि तबक घेऊन तशीच पुढं गेली. दादा म्हणाले, “लाकडाचा काय दोष?” पण तबक मागं आलं नाही.

हौशी खेळाडू या खेळात येतो कसा, हे मी गिऱ्हाइकांकडे बघून शिकले. जवळजवळ प्रत्येकाची सुरुवात दिवाळीच्या तीन पत्तीत झालेली असते. मग कुणी मित्रांबरोबर गोव्याला जातो, मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर तास-दोन तास लांबून बघतो. कुणी हॉस्टेलमध्ये शिकतो, कुणी फुकटच्या ॲपवर. आणि मनीमेकरची गोष्ट एकदा तरी ऐकवली जातेच. मला ती गंगापूर रोडच्या एका सीए गिऱ्हाइकानं सांगितली, टेबलाचं माप घेता घेता. अमेरिकेतला ख्रिस मनीमेकर हाही हिशेबनीसच. ८६ डॉलरच्या एका ऑनलाइन स्पर्धेतून त्यानं लास वेगसच्या जागतिक स्पर्धेचा प्रवेश मिळवला, ज्याची फी १०,००० डॉलर होती. २००३ मध्ये ८३९ खेळाडूंत तो पहिला आला आणि २५ लाख डॉलर घेऊन घरी गेला. आडनावासकट सगळं खरं. “आपणही बॅलन्स शीटच लिहितो की,” सीए साहेब म्हणाले. बाकीच्या ८३८ जणांचं काय झालं, हे मी विचारलं नाही. टेबलाचा ॲडव्हान्स यायचा होता.

तीन पत्तीवरून आलेला माणूस पोकरमध्ये हमखास एक चूक करतो. त्याला प्रत्येक डाव खेळायचा असतो. हा खेळ म्हणजे हातात दोन बंद पत्ते आणि मध्ये सगळ्यांचे मिळून पाच उघडे: आधी तीन, मग एक, मग एक. प्रत्येक टप्प्यावर बोली, आणि प्रत्येक टप्प्यावर पत्ते टाकून बाजूला होण्याची मुभा. सुरुवातीच्या दोन पत्त्यांचे प्रकार १६९, त्यातले बहुतेक टाकण्याच्या लायकीचे. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते. नवखा तेवढी वाट बघत नाही. सत्ती आणि दुर्रीवरही तो ‘बघू तर काय होतंय’ म्हणत आत येतो. इंदिरानगरचे आमचे एक काका, बँकेतून निवृत्त, जन्मभर ब्रिज खेळलेले, ते म्हणतात, “तीन पत्तीत छाती लागते, इथं बूड लागतं. बसून राहता आलं पाहिजे.”

काकांमुळेच आमच्या शेडमध्ये शनिवारची संध्याकाळ सुरू झाली. टेबल विकत घेण्याआधी लोकांना बसून बघायचं असायचं, आणि बसले की उठायचे नाहीत. म्हटलं, होऊ दे. पण आधी एका वकिलांना विचारलं. ते म्हणाले, “टेबल विका, खुशाल विका. शेडमध्ये पैशांवर खेळू दिलंत तर अड्डा म्हणून पोलीस येतील. आपल्याकडे १८८७ चा कायदा अजून जिवंत आहे.” त्या कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे, पण पोकर त्यात बसतो का, यावर एकमत नाही. रमीत प्रामुख्यानं कौशल्य लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्ये म्हटलं. गुजरात उच्च न्यायालयानं मात्र २०१७ मध्ये पोकरला जुगारात टाकलं. एवढ्या मोठ्या वादात सातपूरच्या शेडनं पडू नये, एवढं मला कळलं. आम्ही पैशांऐवजी चिप्स, म्हणजे बोलीत लावायच्या गोल टिकल्या, ठेवल्या आणि भिंतीवर कागद लावला: ‘इथे फक्त चिप्स. खिशात हात घालणाऱ्याने चहाचे पैसे द्यावेत.’

शनिवारी काका शिकवतात. परवा एका मुलीच्या हातात बदामचे दोन पत्ते आणि मध्ये उघड्यावर आणखी दोन बदाम होते. पाच बदाम जमले की मोठा हात होतो. पाचवा यायची शक्यता किती? काका म्हणाले, १३ बदाम असतात, चार दिसले, उरले नऊ. दोन पत्ते यायचे असतील तर नवाला चारानं गुण, ३६ टक्के. नेमकं उत्तर ३५ च्या आसपास येतं, पण टेबलावर बसल्या बसल्या एवढं पुरे. एकच पत्ता उरला असेल तर दोनानं गुण. तिची आई शेजारी बसली होती. ती म्हणाली, “पाढे पाठ करताना अशी बसली असती तर.” नंतर आईच रोज यायला लागली असती, शनिवार एकच असतो म्हणून वाचलो.

आता एका टेबलाबद्दल सांगते, जे विकलं गेलं आणि परत आलं.

२०२१ मध्ये अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर असलेल्या मुलानं ते नेलं होतं. टाळेबंदी सैल झाली होती, सोसायटीच्या गच्चीवर सहा-सात जण जमायचे. २०२३ च्या शेवटी तो टेम्पोत टेबल घालून दारात उभा. “ताई, निम्म्यात घ्या, पण आजच घ्या.” मी म्हटलं, हरलास का रे? तो म्हणाला, “टेबलावर नाही हो. मोबाईलवर.” गच्चीवर तासाला २०-२५ डाव व्हायचे. पत्ते पिसायचे, वाटायचे, मध्येच कुणाच्या बायकोचा फोन, कुणाला डबा. मोबाईलवर एका टेबलाला तासाला साठाच्या वर, आणि हा एका वेळी तीन टेबलं उघडून बसायचा, रात्री दोनपर्यंत, पांघरुणात. आकडा त्यानं सांगितला, मी लिहीत नाही. त्याच्या घरच्यांनाही तो पूर्ण ठाऊक नाही.

मी टेबल घेतलं. निम्म्याहून थोडे जास्तच दिले. पण त्या रात्री हिशेबाची वही उघडली तेव्हा ‘आम्ही टेबल विकतो, खेळ नाही’ हे माझं ठरलेलं वाक्य मला स्वतःलाच पटेना. कारण त्याच वर्षी आमच्या उलाढालीतला मोठा हिस्सा ऑनलाइनवाल्यांच्या भेटवस्तूंचा होता.

हो, तेही केलं. एका ऑनलाइन गेमिंग कंपनीला आम्ही चिप्सच्या पेट्या भरून द्यायचो, त्यांच्या खेळाडूंना बक्षीस म्हणून. पैसे वेळेवर यायचे, मालाची तक्रार नसायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळाडूनं भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला. निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस त्याआधीच, एप्रिलपासून, सुरू होता. आमच्या सीए साहेबांनी तेव्हाच सांगितलं, या झाडाला आता फार फळं लागायची नाहीत. मी ऐकलं नाही. २०२५ च्या जुलैत १२० पेट्यांची ऑर्डर घेतली, प्रत्येकीत ३०० चिप्स, मधोमध कंपनीचं चिन्ह. आगाऊ ३० टक्के आले.

२२ ऑगस्ट २०२५ ला ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. खेळणाऱ्याला नाही. पैसे न लावता खेळायच्या खेळांना आणि ई-स्पोर्ट्सना मोकळीक. कंपनीचा माणूस आठवडाभर “वरून कळवतो” म्हणत राहिला, मग फोन लागेनासा झाला. उरलेले ७० टक्के आजतागायत आलेले नाहीत.

शेडमध्ये ३६,००० चिप्स. एक चिप साडेअकरा ग्रॅमची, म्हणजे चारशे किलोच्या वर माल. वकील म्हणाले, ते चिन्ह घेऊन एकही चिप बाहेर जाऊ देऊ नका, उद्या कुणी जाहिरात म्हणेल. भंगारवाला बघून गेला, किलोचा भाव ऐकून मी त्याला चहाही विचारला नाही. वाट मामांनी काढली. चिन्ह म्हणजे मधला गोल स्टिकरच, त्यावर दुसरा चिकटवायचा. दोन बाजू, ७२,००० स्टिकर. मागच्या वस्तीतल्या नऊ बायकांनी नगावर काम घेतलं, दिवाळीच्या आत संपवलं. नव्या स्टिकरवर काय छापायचं, यावर दोन दिवस वाद झाला. शेवटी चिंचोका छापला. तपकिरी, चकचकीत, जरा वाकडा. आजीच्या डब्यातला एक अजून माझ्याकडे आहे, त्याचाच फोटो काढला.

या पेट्या आम्ही ‘घरचा डाव’ म्हणून विकायला काढल्या. त्यात प्लास्टिकचे पत्ते, चिप्स आणि मराठीत नियमांचा कागद. योगायोग असा की त्या सप्टेंबरात पत्ते आणि कॅरमवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. धंदा फार मोठा नाही झाला. पण पेट्या नेणारे लोक वेगळे आहेत: आजोबा नातवांसाठी, बचत गटाच्या बायका, एक तर लग्नात रुखवतावर ठेवायला घेऊन गेली.

पुढं काय, हे शनिवारी सगळे एकमेकांना विचारतात. इंजिनिअरिंगची मुलं म्हणतात, कायदा उठेल, सर्वोच्च न्यायालयात याचिका आहेत. उठला तरी माझा पेट्यांचा धंदा तिकडे परत जाणार नाही. शिवाय त्याच मुलांनी मला सांगितलं की २०१९ मध्ये प्लुरिबस नावाच्या प्रोग्रॅमनं सहा जणांच्या टेबलावर व्यावसायिक खेळाडूंना हरवलं. मग मोबाईलवर समोर कोण बसलंय, माणूस की यंत्र, हे कसं कळणार? आमच्या टेबलावर निदान समोरच्याचं कपाळ दिसतं. काकांचं म्हणणं आणखी वेगळं. ब्रिजच्या स्पर्धांमध्ये सगळ्या टेबलांवर तेच पत्ते वाटतात, म्हणून कुणाच्या नशिबाला बोल लावता येत नाही. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी असंच खेळून भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं, तेव्हा बर्धन ६० वर्षांचे होते. पोकरचाही तसा प्रकार निघालाय, मॅच पोकर. संघ करायचे, प्रत्येक टेबलावर तीच पानं, पैसा कुठंच नाही. काकांना नाशिकमध्ये चार संघ उभे करायचे आहेत. सध्या अडीच झालेत.

त्यांच्यासाठीच आता एक नवीन टेबल चाललंय. वरची फळी उलटी केली की खाली कॅरम, म्हणजे एकाच जागेत दोन्ही. मामांचं म्हणणं, बिजागरीत दोन सुती फरक राहतोय, स्ट्रायकर कोपऱ्यात उडेल. तिसऱ्यांदा बिजागऱ्या बदलल्यात. यंदाच्या खंडेनवमीपर्यंत व्हायला हवं. कॅरमची बाजू वर ठेवली तर आईचं तबक कदाचित तिथं थांबेल.