चार पन्नासची फुंकर

सुपरवायझरांचा फोन सकाळी सातला आला. "तुमचं मशीन बिघडलंय. दोनदा लाल झालं, तिसऱ्यांदा आपोआप हिरवं. आजच काढून न्या."

मोशीच्या त्या यार्डात अकरा स्टाफ बस आहेत. भोसरी-निगडीचे कामगार चाकणला पहिल्या पाळीला पोचवायचे, म्हणून पहाटे पाचच्या आत गाड्या निघतात. फुंकर मारल्याशिवाय गाडी चालू होऊ न देणारं मशीन त्या अकराही बसमध्ये मीच बसवलंय.

लोकांना वाटतं, हे मशीन दारू ओळखून गाडी थांबवतं. तसं नाही. सेल्फकडे, म्हणजे इंजिन चालू करणाऱ्या स्टार्टरकडे जाणारी वायर तोडून आम्ही मध्ये रिले टाकतो, म्हणजे विजेवर चालणारा स्विच. फुंकर मर्यादेत असेल तरच सेल्फ फिरतो. एकदा इंजिन चालू झालं की मशीन ते बंद करत नाही, करूही नये. नाशिक हायवेवर धावती बस अचानक बंद पडली तर मागचा ट्रक आत घुसेल. बस उतारावर लावून गिअरवर चालू केली तरी 'फुंकर नसताना इंजिन चालू' अशी नोंद होते. ही जोडणी मी टेप गुंडाळून करत नाही. प्रत्येक जोड सोल्डर करतो, वर स्लीव्ह चढवतो, आणि नंतर ती वायर शोधायला मलाच दहा मिनिटं लागतात.

म्हणून 'बिघडलंय' हा शब्द मला लागला. स्वस्त मशीनमध्ये तापणारा सेमीकंडक्टर सेन्सर असतो. तो थिनरच्या वासाला, सिगारेटच्या धुरालाही फसतो. आमच्यात फ्युएल सेल आहे. श्वासातल्या अल्कोहोलची प्लॅटिनमवर रासायनिक क्रिया होते आणि जितकं अल्कोहोल तितका करंट निघतो. तरी मी आधी सिलिंडर लावला. त्यात ठरलेल्या प्रमाणात अल्कोहोल मिसळलेला वायू असतो. सिलिंडर ५० चा होता, मशीनने ४९ दाखवलं. मशीन ठणठणीत होतं.

मग नोंदी उतरवल्या. ४:३१ ला ५२. ४:४७ ला ४९. ४:५० ला शून्य.

हे आकडे म्हणजे १०० मिलीलिटर रक्तामागे इतके मिलिग्रॅम. कायद्याची मर्यादा ३० आहे, आम्ही २० वर ठेवतो. पहिल्या दोन आकड्यांत सोळा मिनिटांचं अंतर. माउथवॉश किंवा खोकल्याच्या औषधाचं अल्कोहोल तोंडात राहिलं असतं, तर तेवढ्या वेळात ते जवळपास उडून गेलं असतं. इथे फक्त तीन उतरले. रक्तातली दारू अशीच उतरते, तासाला साधारण पंधराच्या हिशेबाने. आणि मग तीन मिनिटांत ४९ चं शून्य? तशी उतरत नाही ती. आमचं मशीन फुंकरीचा जोर आणि वेळही नोंदवतं. पहिल्या दोन फुंकरी लांबलेल्या, दमलेल्या. तिसरी एका दमात, जोरदार. ती क्लीनरची होती. पोरगा एकोणीस वर्षांचा. मी विचारलं तेव्हा तो माझ्याकडे न बघता टायरकडे बघत राहिला.

बस गेली होती. अडतीस कामगार चाकणला पोचले, काही झालं नाही. काहीच झालं नाही म्हणून यार्डात सगळ्यांना हा विषय संपल्यासारखा वाटत होता.

मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण मी आहे. गाडी निघाल्यावर काही मिनिटांनी मशीन पुन्हा फुंकर मागतं. बाजूला थांबून फुंकायला वेळ देतं, नाही फुंकलं तर हॉर्न वाजवत राहतं. दुसऱ्याने फुंकून दिलेली गाडी पकडायची सोय ती हीच. बसवताना सुपरवायझर म्हणाले, "पहाटे कामगार झोपलेले असतात, तो आवाज नको." मी लॅपटॉपवर सेटिंगमधली एक टिकची खूण काढून टाकली आणि अकराही बसमध्ये ते बंद केलं. गिऱ्हाईक नाराज व्हायला नको, एवढाच विचार केला.

दुपारी ड्रायव्हरकाका भेटले. पन्नाशीचे, त्या यार्डातले सगळ्यात सांभाळून गाडी चालवणारे. ते चिडले नव्हते, गोंधळले होते. "साहेब, साडेअकराला शेवटचा पेग. झोपलो, आंघोळ केली, दोन चहा झाले. मग दारू राहिली कुठे?" मी समजावलं, काका, झोपेने, आंघोळीने, चहाने तरतरी येते, रक्तातली दारू तिच्याच गतीने उतरते. साडेअकराला १३० च्या आसपास असेल, तर पहाटे साडेचारला ५० उरणारच. ते म्हणाले, "हे आधी कुणी सांगितलं का?" नव्हतं सांगितलं. बसवताना आमचं ट्रेनिंग अर्ध्या तासाचं होतं: नळी कशी धरायची, किती वेळ फुंकायचं.

सुपरवायझरांना रिपोर्टवर 'मशीन सदोष' हवं होतं. त्यात सगळे सुटत होते, काकाही. मी 'मशीन ठीक' लिहिलं आणि तिन्ही नोंदी जोडल्या. पोराचं नाव लिहिलं नाही. ते बरोबर केलं का, हे मला अजून ठरवता येत नाही. काकांना त्या दिवसापासून गाडी दिलेली नाही.

निघण्याआधी त्या बसमध्ये दुसऱ्यांदा फुंकर मागण्याची खूण परत लावली. उरलेल्या दहा बससाठी मालकांची लेखी परवानगी लागते. दोनदा मेल केली आहे.