तुम्ही विचारलंत म्हणून : रशियन विचारवंत स्वतःला युरोपीय मानत होते का?

रशियन तत्त्वचिंतनाविषयी बोलणे निघाले की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. माझे उत्तर असे की, त्यांच्या वादाचा रोख वरवर युरोपकडे दिसत असला, तरी त्यांना खरोखर छळणारे अंतर रशियाच्या आतच, सुशिक्षित उमराव आणि त्यांच्याच जमिनी कसणारे भूदास यांच्यामध्ये होते.

प्योत्र चादायेव या रशियन विचारवंताने आपली ‘तात्त्विक पत्रे’ फ्रेंचमध्ये लिहिली. त्यांतले पहिले पत्र १८३६ साली ‘टेलिस्कोप’ या नियतकालिकात रशियनमध्ये छापले गेले. आपण ना पूर्वेचे ना पश्चिमेचे, आणि मानवजातीच्या विचारधनात आपण कसलीही भर घातलेली नाही, असे त्यात म्हटले होते. झार पहिल्या निकोलसने नियतकालिक बंद पाडले, संपादक नादेझ्दिन यांना हद्दपार केले आणि चादायेवला वेडा ठरवून त्याच्यावर वैद्यांची देखरेख बसवली. हा ‘वेडा’ बोरोदिनोच्या लढाईत नेपोलियनविरुद्ध लढला होता, हे येथे सांगितले पाहिजे.

रशियाने कोणत्या वाटेने जावे या त्यानंतरच्या वादात, रशियाची स्वतःची वाट हवी म्हणणारे खोम्याकोव आणि किरेयेव्स्की यांच्यासारखे स्लाव्हवादी एका बाजूला, तर युरोपच्या वाटेने जावे म्हणणारे बेलिन्स्की आणि हेर्झेन यांच्यासारखे पाश्चात्त्यवादी दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी पाठ्यपुस्तकांत असते. मला ती फारशी उपयोगाची वाटत नाही, कारण युरोपच्या कोरड्या तर्कबुद्धीवर टीका करणाऱ्या किरेयेव्स्कीने १८३० साली जर्मनीत हेगेल आणि शेलिंग यांची व्याख्याने ऐकली होती, आणि लोकजीवनाच्या अखंड ऐक्याची त्याची कल्पना जर्मन स्वच्छंदतावादाला बरेच काही देणे लागते. स्लाव्हवादी कॉन्स्टान्टिन अक्साकोव तर अस्सल रशियन पोशाख घालून मॉस्कोत हिंडू लागला, तेव्हा रस्त्यावरचे लोक त्याला इराणी समजले, असे चादायेव थट्टेने सांगत असे. हेर्झेनने ही थट्टा आपल्या आठवणींत नोंदवून ठेवली आहे. उलट, १८४७ साली देश सोडलेल्या हेर्झेनचा १८४८ च्या क्रांतीनंतर पश्चिमेविषयी भ्रमनिरास झाला आणि तो जमीन सामाईक ठेवणाऱ्या रशियन शेतकऱ्यांच्या ग्रामसमाजाकडे आशेने पाहू लागला, म्हणजे स्लाव्हवाद्यांच्या आवडत्या संस्थेपाशीच येऊन पोहोचला.

१८६१ साली भूदासप्रथा संपली, तरी सुशिक्षित आणि सामान्य जनता यांच्यातले, सुरुवातीला म्हटलेले अंतर मिटले नाही. १९०९ च्या ‘वेखी’ या लेखसंग्रहात, ज्यात बेर्द्यायेव आणि बुल्गाकोव यांचेही लेख होते, गेर्शेन्झोन या विचारवंताने लिहिले की, संगिनींनी आणि तुरुंगांनी जनतेच्या क्रोधापासून आपले रक्षण करणाऱ्या या सत्तेला आपण सुशिक्षितांनी दुवाच दिला पाहिजे. या वाक्यावर एवढा गहजब झाला की दुसऱ्या आवृत्तीत त्याला खुलाशाची टीप जोडावी लागली. मला मात्र ते वाक्य सत्तेच्या स्तुतीपेक्षा भीतीची कबुली वाटते, आणि अशी उघड कबुली त्याच्या आधीच्या तीन पिढ्यांच्या लेखनात मला कोठे आढळलेली नाही.